यहूदाच्या अंगातला शर्ट

यहूदाच्या अंगात आपला शर्ट आहे, हे इसाउरोला चौकाच्या टोकावरूनच कळलं. जाड निळा शर्ट. उजव्या कोपरावर त्याच्या बायकोने, ओतिलियाने, लावलेलं तपकिरी ठिगळ. पेंढा भरलेला यहूदा चर्चसमोरच्या मेस्कीटच्या झाडाला टांगला होता आणि उत्तरेकडून येणाऱ्या वाऱ्यात गिरक्या घेत होता. एकदा पाठ, एकदा तोंड. गळ्यात टायरचा तुकडा बांधला होता. गावात टायर दुरुस्त करणारा एकच माणूस होता.

ईस्टरच्या आदल्या दिवशी येशूला दगा देणाऱ्या यहूदाचा पुतळा जाळायचा आणि त्याला गावातल्याच कुणाचं तरी रूप द्यायचं, ही इथली रीत. गेल्या वर्षी तो पाणी सोडणाऱ्या कारकुनासारखा होता. तेव्हा इसाउरोही पोट धरून हसला होता.

"आपला शर्ट कुणी दिला यांना?" त्याने शेजारी उभ्या ओतिलियाला विचारलं.

ओतिलियाने शाल डोक्यावर घट्ट ओढली. मागच्या आठवड्यात उकाड्याने लोक अंगणात झोपत होते. मग वारा फिरला, वाळवंटावरून गारठा घेऊन आला आणि पेटीत गेलेले कपडे पुन्हा बाहेर निघाले.

"मी यांना नाही दिला," ती म्हणाली. "काल एफ्रेन आला होता दारात. कुडकुडत होता. म्हणाला, वहिनी, इसाउरोचा एखादा जाड शर्ट द्या. त्याला नाही कसं म्हणू? आपल्या पोरीच्या बाप्तिस्म्याला धर्मबाप म्हणून उभा राहिलेला तो."

इसाउरो पुढे गेला. लोकांनी हसत वाट करून दिली.

"या काका, या! तुमच्यावाचूनच अडलं होतं!"

"दोघं जुळे वाटतायत. त्यातल्या त्यात हा झाडावरचा जरा देखणा आहे."

"वारा ऐकताय ना, काका? आपले पगार चाललेत उडत!"

पवनचक्कीवाल्या कंपनीला गावची टेकडी भाड्याने हवी होती. टेकडीवर शेळ्या चरत त्या एफ्रेनच्या. इसाउरोची तिथे एकही चरत नव्हती. त्यासाठी भरलेल्या गावसभेच्या आदल्या संध्याकाळी एफ्रेननेच त्याचा हात धरला होता. "तू आधी उठ. तू बोललास की मी उठतो." इसाउरो उठला, टेकडी द्यायची नाही म्हणाला आणि त्याने मागे वळून पाहिलं, तर एफ्रेन आपल्याच बुटांकडे बघत बसला होता. ज्या गावात एकमत आहे तिथे आम्ही जातो, असं म्हणून कंपनीचा माणूस निघून गेला. कामं गेली. टेकडी एफ्रेनच्या शेळ्यांना राहिली.

यहूदाच्या पायाला फटाक्यांची माळ आणि तिच्या टोकाला वात होती. एफ्रेन उकिडवा बसून ती पेटवायला बघत होता. काडी ओढली की वारा विझवायचा. त्याच्याभोवती विझलेल्या काड्या पडल्या होत्या.

इसाउरो त्याच्याशेजारी बसला.

"तुला थंडी वाजत होती म्हणे."

एफ्रेनने मान वर केली नाही. "पोरांनी मागितला रे. जुना तर होता."

"मी कुणाच्या शेळ्यांसाठी उठलो होतो, ते सांग यांना."

"आज नको."

"मग कधी?"

"हळू बोल ना." एफ्रेनचा आवाज वाऱ्यात जेमतेम ऐकू येत होता. "मला याच गावात राहायचंय. पोरींची लग्नं व्हायचीत माझ्या."

"मी कुठे राहतो?"

"तुझं वेगळं आहे, इसाउरो. तुला सोसतं. मला नाही सोसणार. आज जळू दे हे बाहुलं, लोकांचा राग निघून जाईल. उद्या सगळे तुझ्याकडेच येतील टायर घेऊन."

मागून कुणीतरी ओरडलं, "काय कुजबुज चाललीय नवरा-नवरीची? पेटव की, एफ्रेन!"

"त्याच्या घरी चूलसुद्धा बायकोच पेटवते!"

हशा उसळला. एफ्रेनही हसला, सगळ्यांबरोबर, सगळ्यांच्याएवढंच. त्याने आणखी एक काडी ओढली. विझली. आणखी एक. वाऱ्याचा झोत आला, वाळू उडाली, बायकांनी शाली तोंडावर घेतल्या. झाडाची फांदी करकरली.

"राहू द्या आज," चर्चची झाडलोट करणारी म्हातारी दारातून म्हणाली. "या वाऱ्यात गाव पेटेल."

"हो, राहू दे," एफ्रेन घाईने म्हणाला आणि उठायला लागला.

इसाउरोने त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि त्याला परत खाली बसवलं. मग तो वाऱ्याच्या बाजूला सरकला आणि गुडघे टेकून, वाऱ्याकडे पाठ करून बसला. पातळ सदरा त्याच्या पाठीला चिकटून फडफडत होता. त्याने डोक्यावरची टोपी काढली आणि वातीभोवती आडवी धरली. उरलेल्या बाजूला तळहाताचा आडोसा केला.

"ओढ," तो म्हणाला.

चौकातलं हसणं थांबलं.

एफ्रेनने काडी ओढली. ती पेटली. टोपीच्या आडोशाला ज्योत सरळ उभी राहिली, देवघरातल्यासारखी.

"आता लाव."

वात वीतभर अंतरावर होती. काडी जळत जळत एफ्रेनच्या बोटांपाशी आली, तरी त्याचा हात पुढे होईना.