पाकाचं दुसरं टोक

अमेरिकेत टेनेसीच्या डोंगरात ज्वारीच्या धाटांची काकवी कढली, की तिचा घट्ट पाक दोघींनी दोन टोकं धरून ओढायचा, दुमडून पुन्हा ओढायचा, सोनेरी झाला की गोळ्या पाडायच्या. मोतीबिंदूने आंधळ्या झालेल्या व्हर्डीने बारा वर्षं पाक ओढला नव्हता. तेव्हापासूनच बहीण ल्यूटीशी तिने अबोला धरला होता आणि ल्यूटी त्यातच वारली. आज भाची आयव्हा काकवीचा डबा घेऊन आली. “आईनं तुझ्यासाठीच राखून ठेवलेली, मावशी.” बोटांना लोणी चोळून दोघी पाक ओढू लागल्या. मध्येच पलीकडची ओढ वाढली. “हळू गं, तुटेल,” व्हर्डी म्हणाली. “काय म्हणालीस?” आयव्हाचा आवाज अंगणातून आला. “मी विहिरीवर आहे. माझं टोक खुंटीला अडकवलंय.” ओढ थांबली नव्हती. व्हर्डीने टोक सोडलं नाही. “ल्यूटी, चुकलं माझं,” म्हणत ती पाक दुमडायला पुढे सरकली, आणि निसरडी, गार बोटं तिच्या बोटांना लागली.