आधी नारळ, मग माईक

येरमाळ्यातल्या आपल्या स्टुडिओत श्रीनाथनं सकाळीच मथुराबाईंचं देवीचं गाणं रेकॉर्ड केलं होतं. आता मिक्सिंगला दोन हेडफोन समोर होते. एक कान घट्ट बंद करणारा, दुसरा जाळीचा, ज्यातून खोलीतलंही ऐकू येतं.

त्यानं बंद हेडफोन लावला. गाण्यामागं कोयत्याचा घाव बसला. मग कुणीतरी कण्हलं.

जाळीचा लावला. नुसतं गाणं.

"मावशी, गाताना कुणी नारळ फोडला का?"

मागं खुर्चीत बसलेल्या मथुराबाई म्हणाल्या, "कोण फोडतंय! तुलाच लई घाई. आधी नारळ, मग माईक, म्हणलं न्हाय व्हय? आता फोडावंच लागंल."

नारळ कोपऱ्यात अख्खा होता. शेजारी कोयता.

पुन्हा बंद हेडफोन. या वेळी घाव तीन. हाड मोडलं. रक्तानं भरल्या तोंडातून कुणीतरी ओरडलं, "मावशी, नको!"

आवाज श्रीनाथचाच होता.

त्यानं घाईनं जाळीचा चढवला आणि गाणं बंद केलं. गाणं चालूच राहिलं, अगदी मानेजवळ.

कोपऱ्यात नारळ एकटाच होता.