तपासणीच्या दिवशीचा डबा

सरकारचा नवा नियम आला. धर्मसंस्थेच्या शाळेत शाळेच्या वेळात प्रार्थना झाली, की अनुदान बंद. आणि अनुदान बंद म्हणजे शाळेलाच कुलूप. म्हणून तपासणीच्या दिवशी मोठ्या बाईंनी वर्गावर्गात फिरून दम भरला, "साहेब जाईपर्यंत प्रार्थनेचं नावही काढायचं नाही. कुणाचे ओठ हलले तर माझ्याशी गाठ आहे!" भिंतीवरच्या पालीलासुद्धा त्यांनी तंबी दिली होती म्हणतात.

सकाळ निभावली. साहेबांनी पोरांना खोदून खोदून विचारलं, पण एकही पोर बधलं नाही. मग जेवणाची घंटा झाली. डबे उघडले आणि सगळी शाळा चिडीचूप बसून राहिली. घोळ बाईंच्या तेव्हा लक्षात आला. प्रार्थनेशिवाय घास तोंडात घालायचा नाही, ही त्यांचीच रोजची शिकवण. ती एका दिवसापुरती मागे घ्यायला त्या साफ विसरल्या होत्या.

"काय रे, भूक नाही का कुणाला?" साहेबांनी विचारलं.

पहिल्या रांगेतली चिमुरडी रडवेली झाली. "लागलीय हो! पण तुम्ही जाईपर्यंत आम्हाला जेवताच येत नाही."

बाईंनी टेबलाची कड घट्ट धरली.  साहेब पेनाला टोपण लावून उठले.

"बाई, हात धुवायला नळ कुठं आहे? जरा लांबचा सांगा."