गुरुवारचे पान

पंगतीत शेषगिरीसाठीही केळीचे पान मांडलेले बघून वेंकटरमणराव बायकोवर उखडलेच. “अगं, याचा आज गुरुवार ना? काय म्हणून बोलावलंस?” मग पाहुण्यांकडे वळून कौतुकाने म्हणाले, “इंजिनियरिंगला आहे. दर गुरुवारी राघवेंद्रस्वामींचा कडक उपास. पाण्याशिवाय काही नाही! आणि आमचा अशोक बघा, वाढदिवस म्हणून सकाळपासून खातोय.”

पाहुणे वा वा म्हणाले. धरणीने पोटात घेतले तर बरे, असे शेषगिरीला झाले.

उपास कसला नि काय! मद्रासला शिकायला आलेला हा तंजावरचा पोरगा वार लावून जेवत होता; रोज एका घरी. बुधवार या घरचा. गुरुवार होता रेल्वेतल्या सत्यनारायणरावांकडे. त्यांची बदली झाली आणि गुरुवार रिकामा पडला. दुसरे घर मागायची लाज वाटली, म्हणून त्याने देवाला मध्ये घातले. गणिताची चाचणी नेमकी गुरुवारी दुपारी. मागच्या दोन चाचण्यांत डोळ्यांपुढे अंधारी येऊन त्याने कोरा कागद दिला होता. आज तिसरी. आजही नापास झाला, तर फीमाफी जाणार आणि तो गावी परत.

सांबाराचा वास नाकात शिरला. ‘मामी, वाढा’ एवढेच म्हणायचे होते. जीभ भलतेच बोलली.

“एकवीस गुरुवारांचा नेम आहे, मामी. चौदा झाले. अजून सात.”

स्वतःच्या तोंडाने आणखी सात उपास गळ्यात बांधून घेतले मूर्खाने! तो उठू लागला.

भाताचे पातेले घेऊन कृष्णवेणीमामी समोर आल्या. “बस खाली. मोजायला चुकलास तू. आजचा एकविसावा. उद्यापनाला जेवायचं असतं.”

“पण मामी, तुम्हाला काय ठाऊक...”

मामी वाढायला वाकल्या. बाकीच्यांना ऐकू जाणार नाही इतक्या हळू म्हणाल्या, “सत्यनारायणरावांची बदली झाली ना, तेव्हापासून मोजतेय. विचारायची मलाच लाज वाटली रे.”

शेषगिरीची मान जी खाली गेली ती वर येईना. पानावर भात पडला, तूप पडले, सांबार पडले. “पुरे” म्हणायलाही त्याला तोंड उघडवेना, आणि मामी वाढतच राहिल्या.