काठ सोडून ढिगात

हे लिहिणारच नव्हतो. दोघंही ओळखीचे. वाचलं तर दोघंही शिव्या घालतील. घालू देत.

पाखऱ्या मातीचा ढीग पाठीशी घालून ट्रॅक्टरसमोर हात पसरून उभा होता. ट्रॅक्टरवर त्याचा शाळेपासूनचा दोस्त, आणि इंजिन चालूच.

"बाजूला हो."

"अरे बिळं बघ ना! सोळा आहेत. आत अंडी असतील."

"असू देत. माती माझी आहे."

माती त्याचीच होती. तीन वर्षं ऑफिसांच्या पायऱ्या झिजवून पाखऱ्यानं गेल्या हिवाळ्यात नदीकाठचे दगड उखडून घेतले, काठ भिंतीसारखा सरळ कापून घेतला. पाकोळ्या पक्ष्यांना घरट्यांसाठी बिळं करता यावीत म्हणून. दोस्तानं त्यासाठी शेताची बारा फुटांची पट्टी सोडली. बदल्यात काठाची निघालेली माती त्याला, शेतातला खोलगट तुकडा भरायला. तिथं पाणी साचतं, पेरलेलं सडतं.

अर्धा ढीग पसरून झाला होता. उरलेल्या ढिगाची कड मशीननं कापल्यामुळे सरळ उभी राहिली. पाकोळ्या आल्या, काठावर दोन घिरट्या घातल्या आणि थेट त्या ढिगात घुसल्या. काठावर एक बीळ नाही.

दोस्ताची बायको बांधावर उभी होती. "भावजी, काठावरच्या पाटीवर काय लिहिलंय हो तुम्ही?"

"पक्ष्यांसाठी राखीव."

"त्यांना वाचता येत नाही वाटतं."

कुणीच हसलं नाही.

"मला तीन आठवडे दे," पाखऱ्या म्हणाला. "फार तर चार."

"आठ दिवसांत पेरणी आहे. तुकडा भरला नाही तर यंदाही गेला. बारा फूट दिले ना तुला? आता हाही घे. घरातली एखादी खोली पण घे, लाजू नको."

पाखऱ्यानं एक ढेकूळ उचललं आणि काठाकडे भिरकावलं. "काय चुकलं रे माझं? उंची बरोबर, तोंड बरोबर, पाणी समोर. आणि माती तर तीच! त्याच काठाची माती आहे ही, गाढवांनो!"

हे पाकोळ्यांना होतं. त्यातली एक चोचीत पीस धरून त्याच्या कानाजवळून गेली आणि बिळात शिरली.

ट्रॅक्टर बंद झाला.

दोस्त खाली उतरला. कमरेवर हात ठेवून बिळांकडे बघत राहिला. "गावच्या सभेत टेबल आपटून तूच सांगत होतास ना? एकदा जागा धरली की दरवर्षी तिथंच येतात म्हणून."

"हो."

"म्हणजे पुढच्या वर्षी पण माझ्याच शेतात."

दोस्तानं ट्रॅक्टरची किल्ली काढून खिशात टाकली.

"यंदा सोडला तुकडा. हिला तू समजाव. पण एकदाच. परत माझ्याकडे यायचं नाही, ना तू, ना ही पाखरं."

पाखऱ्यानं त्याचा हात धरला. डोक्यावर पाकोळ्यांचा नुसता कलकलाट चालला होता. त्यानं वर बघितलंच नाही.

"शब्द देतो," तो म्हणाला. "पुढच्या वर्षी एकही येऊ देणार नाही."