दहा नमो मरिया

ग्लोरियाने धर्मग्रामाच्या मासिकात नावानिशी लिहिलं, "तीन वर्षं डिप्रेशनच्या गोळ्या घेतेय. नऊ-नऊ दिवसांच्या नोव्हेना झाल्या, नवस झाले. गुण आला तो गोळ्यांनी." पुढच्याच रविवारी फादर व्हिक्टर वेदीवरून गरजले, "डिप्रेशन म्हणजे कच्ची श्रद्धा!" अख्ख्या चर्चने माना वळवून तिच्याकडे बघितलं.

शनिवारी ती पापं कबूल करायला, कन्फेशनला गेली. जाळीपलीकडे तेच फादर.

"फादर, तुमचं प्रवचन चालू असताना मी तुम्हाला मनातल्या मनात शिव्या घातल्या."

"किती?"

"प्रवचन लांबलं होतं, फादर."

"प्रायश्चित्त म्हणून दहा नमो मरिया म्हण."

ती उठणार, एवढ्यात जाळीतून कुजबुज आली, "त्या गोळ्यांनी मळमळतं का गं? मला सुरू करून पंधरा दिवस झाले, अन्न समोर नको वाटतं."

ग्लोरिया परत गुडघ्यांवर बसली. "मलाही व्हायचं. गोळी जेवणानंतर घ्या, थांबेल."

"कुणाला सांगू नकोस हं."

"कन्फेशनमधलं बाहेर न सांगायचं बंधन तुमच्यावर असतं, फादर, माझ्यावर नाही," ती म्हणाली. "दहा नमो मरिया मी म्हणते. तुमचं प्रायश्चित्त म्हणजे पुढच्या अंकात एक पान. नावानिशी."