सत्कारांतून उरलेली दहा मिनिटं

अकरावा सत्कार सुरू झाला तेव्हा सहा वाजून दहा मिनिटं झाली होती आणि हुसेनबीनं अजून ढोलकावर थाप मारली नव्हती. उदगीरचा मे महिना. कॉलेजचं पत्र्याचं सभागृह. अशा उकाड्यात प्राचार्य गुरुपादप्पा सर एकेकाच्या खांद्यावर लोकरीची शाल टाकत होते. शाली कमी पडल्या होत्या. त्यामुळे फोटो झाला की शाल मागच्या दारानं परत यायची आणि पहिल्याच्या मानेचा घाम घेऊन दुसऱ्याच्या मानेवर जायची. हुमाला शिसारी आली.

हुमा बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला. उन्हाळाभर तिनं एकच उद्योग केला होता. जिथं कुणी समोर बसून गातंय, वाजवतंय, तिथं जायचं. लातूरच्या कॉलेजातला बँड, नांदेडची गझल, जळकोटच्या जत्रेतली बँजो पार्टी. सगळीकडे आधी नारळ, हार, शाल, मनोगत. नांदेडला तर गायकानं तोंड उघडलं होतं, तेवढ्यात त्याला थांबवून एका उशिरा आलेल्या पाहुण्याला हार घातला गेला. गाणं ऐकायला कुणी येतच नाही, आपलं नाव ऐकायला येतात, असं ती तेव्हापासून चिडून सगळ्यांना सांगत फिरायची.

आजचा कार्यक्रम तिनं स्वतः सरांच्या मागं लागून ठरवला होता. हुसेनबी तिच्याच गल्लीतली. पन्नास वर्षं लग्नाघरी बायकांत बसून ढोलकावर गात आलेली. सोमवारी लातूरला तिच्या घशाचं ऑपरेशन होतं. त्यानंतर आवाज राहणार नाही, हे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. आत्ताही दोन गाण्यांपुरताच दम उरला होता. त्यातलं दुसरं रुखसतीचं, मुलगी सासरी निघताना म्हणायचं. हुमाच्या अम्मीच्या लग्नात तिनं ते म्हटलं होतं. ते तिच्याशिवाय कुणाला येत नव्हतं आणि तिला लिहिता येत नव्हतं. हुमाला ते मोबाईलमध्ये उतरवून घ्यायचं होतं. घरीच म्हणा, असं तिनं दहादा विनवलं. हुसेनबी ऐकेना.

"उमर पडद्यामागं गेली, बेटी. एकदा माइकवर गाते. मग काढू दे घसा."

सात वाजता सभागृह सोडायचं होतं. उद्या परीक्षा, बाकं लावायची होती. कूलर देणाऱ्याचा सत्कार झाला. कूलर बंदच होता. आडत व्यापारी अमरनाथशेठचा झाला. मग संस्थेच्या उपाध्यक्षांचा झाला. आदरापोटी त्यांचं नाव कुणी घेतच नसे. सूत्रसंचालकही 'आदरणीय अण्णा' एवढंच म्हणाला. अण्णांनी लोककलेचं महत्त्व वीस मिनिटं सांगितलं. लोककला मागं सतरंजीवर बसून घाम पुसत होती.

हुसेनबीचे ओठ हलत होते. ती दुवा मागत असेल, असं हुमाला वाटलं.

"काय म्हणून राहिल्या, खाला?"

"नावं पाठ करून राहिले."

हुमाला हसू फुटलं. लग्नात गालीचं गाणं असतं. पाहुण्यांपैकी एकेकाचं नाव घेऊन त्याची टर उडवायची. ज्याचं नाव राहतं तो रुसतो, मग त्याच्यासाठी वेगळं कडवं जोडायचं. कुणी पाहुणा रुसलेला असला तर हुसेनबी रुखसतीच्या गाण्याला हात घालत नसे. नवरीला ते बाधतं, असं ती म्हणायची.

सात वाजायला दहा मिनिटं असताना माइक तिच्याकडं आला. "थोडक्यात घ्या," प्राचार्य म्हणाले. हुसेनबीनं थाप मारली.

"अमरनाथ सेठ आए, पेट आगे लाए,
अकल की पोटली घरमेच छोड आए..."

पोरं खुर्च्या बडवायला लागली. पुढच्या कडव्यात प्राचार्यांच्या हाताला माइक चिकटला, त्याच्या पुढच्यात कूलरवाल्याचा वारा निघाला. हुमा खूश झाली. मग तिनं पहिल्या रांगेकडं पाहिलं आणि तिचं हसू उतरलं. अमरनाथशेठ मोबाईल उंच धरून स्वतःचं नाव टिपत होते. कूलरवाला बायकोला फोन लावून ऐकवत होता. टर कुणाला लागलीच नव्हती. माइकवर नाव आलं, यातच सगळे गार झाले होते.

गाणं संपलं. हुसेनबी बराच वेळ खोकली. पाणी प्यायली. पाच मिनिटं उरली होती. तिनं हुमाकडं बघून मान हलवली. हुमानं मोबाईलवर लाल बटण दाबलं. ढोलकावर रुखसतीचा संथ ठेका सुरू झाला.

पहिल्या रांगेतून अण्णा उठले. चेहरा लाल झाला होता.

"ओ बाई, सगळ्यांची नावं घेतली. आमचं राहिलं की!"

"अण्णा, बसा ना," हुमा ओरडली. "हे शेवटचं हाय त्यांचं!"

अण्णा बसले नाहीत. प्राचार्यांनी हुसेनबीपुढं हात जोडले. हुमाला वाटलं, ती शाल आणि तो नारळ उचलून या सगळ्यांच्या अंगावर फेकावा.

हुसेनबीचा हात थांबला होता.

"पाहुणा रुसला, बेटी," ती हळूच म्हणाली. मग अण्णांकडं वळली. "नाव काय म्हनलं तुमचं?"

अण्णांनी सांगितलं. तिनं उरलासुरला दम गोळा केला आणि त्यांचं कडवं जोडलं. दम तेवढ्यालाच पुरला. अण्णा हसत खाली बसले. सात वाजले. शिपायांनी बाकं आत आणायला सुरुवात केली.

सोमवारी ऑपरेशन झालं. हुसेनबी आता खुणांनी बोलते.

हुमाच्या मोबाईलमध्ये ते रेकॉर्डिंग अजून आहे. सुरुवातीला रुखसतीचा ठेका, मग गलका, मग कडवं. हुसेनबीच्या आवाजातला शेवटचा शब्द त्यात स्वच्छ ऐकू येतो. साहेबराव.